पडद्यावरचे काम कोणाचे?

संगणक दुरुस्तीच्या दुकानात सगळ्यात जास्त ऐकू येणारे वाक्य कोणते, असे विचारले तर उत्तर ठरलेले आहे: "डिस्प्ले येत नाही." जालन्यात, अंबडला, परतूरला, कुठेही जा, शब्द हेच. तक्रार घेऊन आलेल्या माणसाला एवढेच माहीत असते की सीपीयूचा पंखा फिरतो, दिवा लागतो आणि समोर सगळे काळे. दुकानदार कॅबिनेट उघडतो, रॅम काढतो, तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासतो आणि परत बसवतो. बऱ्याचदा तेवढ्याने भागते. पण लिनक्स टाकलेले एखादे यंत्र व्यवस्थित सुरू होते, कंपनीचे चिन्ह दाखवते, पांढऱ्या अक्षरांच्या चार ओळी सोडते आणि मग काळे पडते. त्याच्या रॅमला कितीही घासले तरी उपयोग नसतो. तिथे डिस्क चालू असते, नेटवर्क चालू असते, दुसऱ्या संगणकावरून त्या यंत्रात शिरताही येते. अडलेला असतो तो माणूस आणि चित्र यांच्यामध्ये उभा असलेला एक प्रोग्राम. तो ओळखता आला नाही की "फॉरमॅट मारावा लागेल" असा निकाल लागतो, कोणाचे तरी वर्षभराचे काम पुसले जाते आणि पुढचे अपडेट आले की यंत्र पुन्हा त्याच दुकानात.

त्या प्रोग्रामला डिस्प्ले सर्व्हर म्हणतात. तो कसा बसवायचा, कसा समजून घ्यायचा आणि तो रुसला तर काय करायचे, हा या पुस्तकाचा विषय. संगणकावरच्या मराठी पुस्तकांत ऑफिसचे प्रोग्राम, टंकलेखन आणि इंटरनेट यांवर भरपूर लिहिले गेले आहे. पडद्यामागच्या या थराकडे मात्र फारसे कोणी वळलेले नाही. तो तज्ज्ञांचा प्रांत आहे असे मानले गेले. मला ते पटत नाही. शाळेची संगणक खोली सांभाळणाऱ्या शिक्षकाला आणि आयटीआयमध्ये कोपा हा ट्रेड करणाऱ्या मुलीला हा विषय नेमका लागतो, कारण यंत्र बंद पडल्यावर हाक त्यांनाच येते.

बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत चित्राचा कारभार अनेक हातांतून जातो. मदरबोर्डवरचे फर्मवेअर पहिले चित्र दाखवते. मग लिनक्सचा गाभा असलेला कर्नेल ताबा घेतो, ग्राफिक कार्ड ओळखतो, त्याचा ड्रायव्हर चढवतो आणि मॉनिटरला विचारतो की तुला किती ठिपके चालतात, सेकंदाला किती वेळा चालतात. त्यानंतर डिस्प्ले सर्व्हर उठतो आणि पडदा, कीबोर्ड, माउस हे तिन्ही आपल्याकडे घेतो. नाव आणि पासवर्ड विचारणारी खिडकी दाखवणारा डिस्प्ले मॅनेजर वेगळा, खिडक्यांना चौकट देणारा आणि त्या हलवणारा विंडो मॅनेजर वेगळा, मेनू आणि पॅनल मांडणारे डेस्कटॉपही वेगळे. जालन्याच्या मोंढ्यात शेतकऱ्याचा माल आणि व्यापाऱ्याची बोली यांच्यामध्ये अडत्या उभा असतो, तशी या साखळीत डिस्प्ले सर्व्हरची जागा आहे. फायरफॉक्स असो की लिबरऑफिस, कोणालाही काचेला थेट हात लावता येत नाही. मला एवढी जागा द्या, तिथे हे दाखवा, अशी मागणी सर्व्हरकडे करायची आणि माउसची टिचकी आपल्या खिडकीवर पडली तर तो कळवेल म्हणून वाट पाहायची. सर्व्हर म्हटले की दूर कुठेतरी थंड खोलीत ठेवलेले मोठे यंत्र डोळ्यांपुढे येते. इथे मात्र सर्व्हर आपल्या टेबलावर असतो आणि त्याच्याकडे मागणी करणारे प्रोग्राम कुठेही असू शकतात. एवढे सुरुवातीलाच पक्के केले की पुढचे बरेच सोपे जाते.

या विषयाचा चाळीस वर्षांचा इतिहास मला एकाच प्रश्नाभोवती फिरताना दिसतो: पडद्यावरचे अमुक काम कोणी करायचे? रेषा कोणी काढायची, अक्षर कोणी घडवायचे, मॉनिटरची कंपने कोणी ठरवायची, एका खिडकीतले दुसरीला दिसू द्यायचे की नाही हे कोणी ठरवायचे? प्रत्येक पिढीने ही कामे नव्याने वाटली. दुरुस्तीची वाटही याच प्रश्नातून जाते. काळ्या पडद्यापुढे बसल्यावर "काय बिघडले?" असे विचारले तर हजार उत्तरे येतात. "हे काम कोणाचे होते आणि तो कुठपर्यंत पोहोचला?" असे विचारले की शोध दोन-तीन जागांपुरता उरतो.

सुरुवात अमेरिकेतील एमआयटीत झाली. १९८३ मध्ये तिथे डेक आणि आयबीएम या कंपन्यांच्या मदतीने प्रोजेक्ट अथेना सुरू झाला. विद्यार्थ्यांसाठी वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे येणार होती आणि एका यंत्रावर चालणारा प्रोग्राम दुसऱ्याच्या पडद्यावर दिसायला हवा होता. स्टॅनफर्डमध्ये 'डब्ल्यू' नावाची एक खिडक्यांची व्यवस्था तयार झाली होती. बॉब शायफलर आणि जिम गेटिस यांनी तिच्यावरून १९८४ मध्ये पुढची व्यवस्था बांधली आणि इंग्रजी वर्णमालेतले पुढचे अक्षर तिला दिले: एक्स. सप्टेंबर १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती आली. आज ज्याला एक्स-इलेव्हन म्हणतात ती हीच. मूळ करार तेव्हापासून तोच आहे आणि नव्या गरजा जोडपत्रांसारख्या त्याला चिकटवल्या गेल्या. खिडकी कशी दिसावी, बटण कुठे असावे, याबद्दल एक्सने ठरवून मौन पाळले. आम्ही साधन देऊ, रीत तुम्ही ठरवा, ही त्याची भूमिका. लिनक्सवर आज डेस्कटॉपचे जे डझनभर प्रकार दिसतात आणि नवख्याला गोंधळात टाकतात, त्याचे मूळ या भूमिकेत आहे. मला ती उदार वाटते, पण तिची किंमत वापरणाऱ्याला मोजावी लागली हेही खरे.

ती किंमत घरगुती संगणकावर उघड झाली. विद्यापीठांतल्या महागड्या यंत्रांवर कारखान्यातच सगळे जुळवून येई. १९९२ मध्ये एक्सफ्री८६ हा प्रकल्प सुरू झाला आणि एक्स साध्या ३८६ संगणकावर आले. पण तिथे कार्ड एका कंपनीचे, मॉनिटर दुसऱ्याचा आणि दोघांची ओळख करून देणारा कोणी नाही. ती ओळख वापरणाऱ्याने एका फाइलमध्ये हाताने लिहायची.

या फाइलपाशी थोडे थांबायला हवे, कारण अर्धा विषय तिच्यात आहे. जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत डावीकडून उजवीकडे ओळ काढत जाई, ओळ संपली की परत येई, तळाला पोहोचला की वर जाई. परत येण्याच्या त्या वेळात चित्र काढता येत नसे, पण वेळ तर मोजावाच लागे. म्हणून आडवे ६४० ठिपके दिसत असले तरी हिशेब ८०० चा करायचा आणि उभ्या ४८० ओळी दिसत असल्या तरी ५२५ चा. ठिपक्यांचा वेग सेकंदाला २.५१७५ कोटी, म्हणजे २५.१७५ मेगाहर्ट्झ. त्याला ८०० ने भागले की सेकंदाला सुमारे ३१,४७० ओळी, म्हणजे ३१.४७ किलोहर्ट्झ, त्याला ५२५ ने भागले की ५९.९४, म्हणजे आपण ज्याला साठ हर्ट्झ म्हणतो ते. हे आकडे मॉनिटरच्या पुस्तिकेतून शोधून फाइलमध्ये लिहायचे. चुकीचा आकडा दिला तर मॉनिटर शिट्टीसारखा आवाज करी आणि हट्टाने तसाच चालू ठेवला तर आतला भाग जळण्याची भीती असे. पुस्तिका हरवलेल्या मॉनिटरचे काय हाल होत असतील, याची कल्पना करता येते.

१९९४ मध्ये मॉनिटरनेच आपली ओळख सांगण्याची पद्धत ठरली. १२८ बाइटांची एक छोटी नोंद मॉनिटरमध्ये ठेवलेली असते. तिला ईडीआयडी म्हणतात. केबलमधून ती वाचली जाते आणि वरचा सगळा हिशेब आपोआप होतो. म्हणून आज ती फाइल बहुतेक यंत्रांवर नसतेच. तरीही हिशेब समजून घ्यायचा, कारण ओळखपत्र पोहोचले नाही की आपण परत तिथेच येतो. स्वस्त व्हीजीए केबलमधली एक तार तुटली, एचडीएमआयवरून व्हीजीएवर आणणारा कन्व्हर्टर ही नोंद पुढे देत नसला, प्रोजेक्टरपर्यंतची वायर फार लांब झाली, की मोठ्या मॉनिटरवर १०२४ बाय ७६८ चे फुगलेले चित्र येते. लोक ड्रायव्हर बदलत बसतात. शंभर-दीडशे रुपयांची केबल बदलून पाहण्याचे सुचत नाही.

आता मराठी वाचकाला सगळ्यात जवळच्या भागाकडे येतो. एक्समध्ये अक्षर काढण्याचे काम मुळात सर्व्हरचे होते. प्रोग्राम म्हणे, अमुक फाँटमधले अमुक क्रमांकाचे चिन्ह इथे ठेव. सर्व्हर ते ठेवी. एका क्रमांकाला एक चिन्ह, डावीकडून उजवीकडे. रोमन लिपीचे यात निभावते. देवनागरीचे निभावत नाही. 'कि' लिहिताना वेलांटी क नंतर टंकतो, ती दिसते मात्र त्याच्या आधी. 'धर्म' मधला र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो, 'क्रम' मधला पायाशी जातो. आणि मराठीचा खास र: 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या, दोन्हींतला र वेगळा काढावा लागतो आणि हा फरक हिंदीसाठी केलेल्या व्यवस्थेला ठाऊकच नसतो. 'ॲ' हे अक्षर तर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ व्या आवृत्तीत आले. म्हणजे देवनागरीला क्रमांकांची ओळ पुरत नाही. क्रमांक घेऊन अक्षर घडवणारा एक कारागीर मध्ये लागतो. मग तो कारागीर कोणाच्या घरी बसवायचा, असा प्रश्न आला.

भारतात या प्रश्नाला दोन दिशांनी हात घातला गेला. पुण्याच्या सी-डॅकची जिस्ट ही परंपरा जुनी. तिची सुरुवात कानपूरच्या आयआयटीत झाली आणि तिने संगणकात बसवायचे कार्डच तयार केले. अक्षर घडवण्याचे काम थेट यंत्राच्या अंगात. दुसरा प्रयत्न मुंबईत, जुहूच्या एनसीएसटी या संस्थेत झाला. भारतातल्या सुरुवातीच्या नेटवर्कशी, अर्नेटशी, जिचे नाव जोडलेले आहे तीच ही संस्था. पुढे ती सी-डॅकमध्ये विलीन झाली. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे इंडिक्स नावाचा प्रकल्प उभा राहिला. त्याचे म्हणणे साधे आणि धाडसी होते: भारतीय लिप्यांची जुळवणी एक्सच्या पातळीवरच बसवा, म्हणजे वरचे प्रोग्राम न बदलता सगळ्यांना एकदम मराठी, हिंदी, तमिळ येईल.

जगाने दुसरी वाट धरली. २००० च्या सुमारास कीथ पॅकर्ड यांनी रेंडर हे जोडपत्र एक्सला जोडले आणि अक्षरांचे काम सर्व्हरकडून काढून प्रोग्रामच्या बाजूला आणले. प्रोग्रामने स्वतः फाँट उघडायचा, अक्षर घडवायचे आणि तयार चित्र सर्व्हरला द्यायचे. खिडक्या आणि बटणे बांधण्यासाठी प्रोग्राम वापरतात त्या जीटीके या साधनसंचाच्या २००२ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत पँगो हा कारागीर होता. पुढे हार्फबझ आला आणि आज लिनक्सच्या डेस्कटॉपवर मराठी दिसते ती बहुतांशी त्याच्या हातची. मुंबईतला इंडलिनक्स हा गट आणि पुण्यातल्या रेड हॅटच्या भाषा विभागात जोपासलेली लोहित फाँटमाला यांनी या वाटेवर मराठीची बाजू लावून धरली.

इंडिक्सची वाट मागे पडली. ती चुकीची होती असे मात्र मी म्हणणार नाही. ती निवडली गेली असती तर टर्मिनलसारख्या साध्या प्रोग्राममध्ये मराठी जोडाक्षरे तेव्हाच नीट दिसली असती. तिथे ती आजही अनेकदा तुटतात. तिच्या विरुद्धचा मुद्दाही तितकाच वजनदार आहे. ओळ कुठे मोडायची, कर्सर कोणत्या अक्षरामागे ठेवायचा हे प्रोग्रामला ठरवायचे असते आणि त्यासाठी घडलेल्या शब्दाची रुंदी त्याला हाताशी हवी. प्रत्येक शब्दासाठी सर्व्हरला विचारत बसले तर काम मंदावते. शिवाय फाँट बदलला, युनिकोडमध्ये अक्षर वाढले की प्रत्येक टेबलावरचा सर्व्हर बदलावा लागला असता. मुंबईतल्या अभियंत्यांनी जगातल्या एका मोठ्या रचनेच्या गाभ्यात हात घालून आपल्या लिपीसाठी जागा मागितली, ही गोष्ट मराठी तंत्रलेखनात फार थोड्या ठिकाणी नोंदली गेली आहे. या पुस्तकात तिला जागा आहे.

अक्षरे गेली, आणि मग एकेक काम सर्व्हरच्या हातून सुटत गेले. २००४ मध्ये परवान्याच्या वादातून एक्सफ्री८६ मागे पडले आणि एक्स.ऑर्ग पुढे आले. त्याच सुमारास खिडक्यांची चित्रे वेगळी ठेवून शेवटी एकत्र करण्याचे काम विंडो मॅनेजरकडे गेले. पारदर्शक खिडक्या आणि सावल्या त्यातून आल्या. मार्च २००९ च्या लिनक्स कर्नेलमध्ये मॉनिटरचे मोड ठरवण्याचे काम आधी इंटेलच्या कार्डांसाठी आणि मग इतरांसाठी कर्नेलकडे गेले. त्याआधी एक्स सर्व्हर स्वतः कार्डाच्या आत हात घाली आणि त्यासाठी त्याला यंत्राचे सर्वाधिकार द्यावे लागत. तो कोसळला तर यंत्रच अडकून बसे. हा बदल झाल्यावर मध्ये उभ्या असलेल्या सर्व्हरकडे निरोप इकडून तिकडे पोहोचवण्यापलीकडे फारसे उरले नाही.

मग त्याला मध्ये ठेवायचे तरी कशाला? क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी २००८ मध्ये याच विचारातून वेलँडचे काम सुरू केले. वेलँड हा एक करार आहे. खिडक्या एकत्र करणारा कॉम्पोझिटर हाच सर्व्हर. प्रोग्राम आपले चित्र स्वतः पूर्ण करून त्याच्या हाती देतो. एक्समध्ये कोणताही प्रोग्राम दुसऱ्या खिडकीत दाबल्या जाणाऱ्या कळा वाचू शकतो, संपूर्ण पडद्याचे चित्र घेऊ शकतो. बँकेचा पासवर्ड टाकणाऱ्या माणसाला हे कळले तर तो हादरेल. वेलँडने हा दरवाजा बंद केला. त्यामुळे स्क्रीन दाखवून शिकवणे, दुरून यंत्र चालवणे अशी कामेही सुरुवातीला अडली. त्यांच्यासाठी परवानगी विचारणारी वेगळी व्यवस्था उभी करावी लागली आणि ती बसायला वर्षे गेली. फेडोरा या लिनक्स-वितरणाने नोव्हेंबर २०१६ मध्ये वेलँडला पहिली पसंती दिली. उबुंटू या दुसऱ्या वितरणाने आधी मिर नावाचा स्वतःचा सर्व्हर करून पाहिला, २०१७ मध्ये डेस्कटॉपसाठी तो सोडला, त्याच वर्षी वेलँड घेतले, पुढच्या आवृत्तीत परत एक्सवर गेले आणि २०२१ मध्ये पुन्हा वेलँडवर आले. या येरझाऱ्यांकडे पाहिले की बदल किती अवघड होता ते कळते.

आज या क्षेत्रात मुख्यतः तीन पंथ आहेत. पहिला एक्सवाल्यांचा. लिनक्स मिंट हे वितरण आणि एक्सएफसीईसारखे डेस्कटॉप अजून प्रामुख्याने त्यावर चालतात, जुन्या यंत्रांवर ते हलके पडते, आणि २०२५ मध्ये एक्स.ऑर्गपासून फुटून निघालेला एक्सलिब्रे हा प्रकल्पही आला. दुसरा वेलँडवाल्यांचा; ग्नोम आणि केडीई हे डेस्कटॉप आणि रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या प्रणालीची नवी आवृत्ती त्यात येतात. तिसऱ्या पंथात डिस्प्ले सर्व्हर वेगळा बसवायचाच नसतो: विंडोज, मॅक आणि खिशातला अँड्रॉइड. तिथे तो कारखान्यातून जोडून येतो आणि आपल्याला दिसतही नाही. एक जुनी वाट मात्र मला जालन्यासारख्या जिल्ह्यासाठी अजून मोलाची वाटते. १९९९ मध्ये सुरू झालेल्या लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्टने दाखवून दिले की एका बऱ्यापैकी ताकदीच्या यंत्रावर प्रोग्राम चालवून त्यांचे पडदे खोलीतल्या दुबळ्या यंत्रांवर उघडता येतात. केरळच्या सरकारी शाळांनी लिनक्स स्वीकारून ते वर्षानुवर्षे चालवून दाखवले आहे. आपल्याकडे अशा शाळा तुरळक. यंत्रे मात्र तशीच आहेत.

हे पुस्तक आत्ताच का, याचे उत्तर तारखांमध्ये आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर त्याला चालत नाहीत. तालुक्याच्या गावी शाळांत, क्लासेसमध्ये, ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानांत चालणारे पुष्कळसे सेकंड हँड संगणक याच वयाचे. त्यांचे आयुष्य संपलेले नाही. चार जीबी रॅम आणि एक छोटी एसएसडी असली की हलक्या डेस्कटॉपसह ते आणखी काही वर्षे सहज निघतील. ज्या दुकानात अंगठ्याचे यंत्र किंवा डिजिटल सही लागते आणि तिचे सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर मिळते, तिथे हा मार्ग नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. शाळेच्या संगणक खोलीला मात्र अशी अडचण क्वचितच असते.

दुसरी तारीख लिनक्सच्या घरातली. मे २०२५ मध्ये आलेल्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १० मधून एक्स.ऑर्ग सर्व्हर काढला गेला. उबुंटू २५.१० च्या मुख्य डेस्कटॉपवर एक्सचे सत्र राहिले नाही. डेबियन १३ पासून ३२ बिटांच्या पीसींसाठी नवी उभारणी बंद झाली. एक्स असे मागे पडल्याचा सरळ परिणाम म्हणजे आधीच्या वीस वर्षांत लिहिलेला बराच सल्ला आता लागू पडत नाही. अमुक फाइलमध्ये अमुक ओळ टाका, हे एक्सवर बरोबर असते आणि वेलँडवर त्याचा काही परिणामच होत नाही. रेझोल्यूशन बदलण्याची जुनी आज्ञा वेलँडवर चालते, उत्तरही देते, पण पडदा हलत नाही. कारण ती जुन्या प्रोग्रामांसाठी ठेवलेल्या एक्सवेलँड या मधल्या थराशी बोलत असते. शिकणारा गोंधळतो आणि स्वतःलाच दोष देतो. म्हणून या पुस्तकात प्रत्येक कृतीच्या आधी एक प्रश्न विचारलेला आहे: आत्ता तुमच्यासमोर एक्स आहे की वेलँड?

आणि हा विषय काही थोड्या हौशी लोकांचा आहे असा समज असेल तर न्यायालयात जाऊन पाहावे. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने देशभरच्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांसाठी उबुंटू स्वीकारले आहे. खटल्यांची नोंद ठेवणारी सीआयएस ही प्रणाली केंद्र सरकारच्या एनआयसी या संस्थेच्या पुणे केंद्रात तयार झाली. तारीख पाहायला आलेल्या पक्षकाराला ठाऊक नसते, पण समोरच्या लिपिकाच्या पडद्यावरचे चित्र याच साखळीतून आलेले असते. मुंबईच्या आयआयटीतील स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्सचे धडे मराठीत ऐकायला उपलब्ध करून दिले आहेत. म्हणजे वापरणारे आहेत, शिकवण्याची साधनेही आहेत. यंत्र काळे पडल्यावर हाताशी धरायचे मराठी पुस्तक तेवढे नव्हते. ते लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे जालना जिल्हा होता. बियाणे आणि सळई यांसाठी तो देशभर ओळखला जातो. इथल्या मुलांनी पुण्यात जाऊन संगणक शिकावा, ही रीत झाली. जाफराबादच्या किंवा मंठ्याच्या मुलाला आपल्या शाळेतल्या खोलीत बसूनच या थरापर्यंत उतरता आले पाहिजे, अशी माझी तळमळ आहे आणि पुस्तकाची मांडणी त्यातून ठरली.

पुस्तक डेबियनवर उभे आहे. त्यावर एकदा एक्स आणि एक्सएफसीई, एकदा वेलँड आणि ग्नोम किंवा केडीई अशी उभारणी करून दाखवली आहे. डेबियन निवडण्याचे कारण असे की उबुंटू आणि मिंट यांची मुळे त्यात आहेत आणि एकदा मूळ कळले की फांद्या ओळखता येतात. आज्ञा जशा यंत्रात लिहाव्या लागतात तशाच, रोमन अक्षरांत छापल्या आहेत, स्पष्टीकरण मराठीत. एनव्हीडियाच्या कार्डांना मुद्दाम जास्त पाने दिली आहेत, कारण बाजारात येणाऱ्या जुन्या यंत्रांत ती पुष्कळदा सापडतात आणि सगळ्यात जास्त रडवतात. खेळांसाठीची जुळवणी आणि एकाच यंत्रातली अनेक कार्डे हे विषय ठरवून बाजूला ठेवले.

दुरुस्तीच्या भागात आधी पाहणे, मग हात लावणे, असा क्रम कटाक्षाने पाळला आहे. कंट्रोल, आल्ट आणि एफ-३ या कळा एकत्र दाबून अक्षरांचा पडदा उघडतो का, हे पहिले पाऊल. उघडला तर कर्नेल ठीक आहे आणि प्रश्न सर्व्हरचा किंवा त्याच्या वरचा आहे. नाही उघडला तर बूट होताना 'नोमोडसेट' हा शब्द देऊन पाहायचे. त्याने चित्र आले तर ड्रायव्हरकडे बोट दाखवता येते. पासवर्ड बरोबर असूनही लॉगइनची खिडकी पुन्हा पुन्हा परत येत असेल तर ग्राफिक कार्डाला हात लावू नये. बहुधा डिस्क भरलेली असते, किंवा कोणीतरी प्रशासकाच्या अधिकारात डेस्कटॉप सुरू केल्यामुळे घरच्या फोल्डरमधल्या एका छोट्या फाइलची मालकी बदललेली असते. एक्सच्या नोंदवहीत चुकीच्या ओळींपुढे दोन ठरावीक अक्षरे येतात; ती वाचायला शिकलेला विद्यार्थी फॉरमॅट मारण्याची घाई करत नाही.

मराठी टंकनाला स्वतंत्र प्रकरण आहे आणि ते या पुस्तकात कशाला, असे कोणी विचारील. अक्षर काढण्याचे काम सर्व्हरकडून गेले, हे वर आलेच. अक्षर टंकण्याचे मात्र वेलँडमध्ये उलट अधिक घट्टपणे त्याच्याकडे आले. एक्समध्ये आयबस किंवा एफसीआयटीएक्स हे लिपी-बदलणारे प्रोग्राम बाजूला उभे राहून कळा पकडू शकत. वेलँडमध्ये कॉम्पोझिटरने परवानगी दिल्याशिवाय कोणी कळा पाहू शकत नाही. ग्नोममध्ये आयबस आतूनच जोडलेले आहे. केडीईमध्ये ते सेटिंग्जमध्ये जाऊन निवडावे लागते आणि हे न कळल्याने "वेलँडवर मराठी चालत नाही" अशी समजूत पसरते. इनस्क्रिप्टची मांडणी कीबोर्डच्या आराखड्यातच असल्याने तिला मधला प्रोग्राम लागत नाही. फोनेटिक पद्धतींपैकी अनेकींना तो लागतो. नव्याने शिकणाऱ्याने इनस्क्रिप्ट घ्यावे असे मी सुचवतो. ती कुठल्याही यंत्रावर, कुठल्याही सर्व्हरवर सारखी चालते.

पुस्तक घेऊन बसताना शेजारी चालू असलेला फोन किंवा दुसरे यंत्र असू द्यावे, आणि पेनड्राइव्हवरून थेट चालणारी डेबियनची प्रत आधी तयार करावी. ती प्रत डिस्कला धक्का न लावता सुरू होते आणि तिच्यात चित्र नीट आले तर कार्ड, केबल, मॉनिटर तिन्ही निर्दोष आहेत हे पाच मिनिटांत कळते. पहिले प्रकरण तिथूनच सुरू होते. त्यासाठी आठ जीबीचा पेनड्राइव्ह पुरेल.